डांगर तुमचं, विळी कुणाची?

पत्र थोडक्यात : नाशिकच्या बाहेर छोट्या प्लॉटवर घर बांधून राहणारे एक निवृत्त गृहस्थ (वय ६४) लिहितात : जूनमध्ये पहिल्या पावसावर परसात डांगराचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, चार वेल लावले. विकतचं खत नाही, फवारणी नाही. एकूण १७ फळं धरली. पहिलं पितृपक्षात काढलं. त्यातली चार घरात संपली, दोन वाटली, दोन खालून कुजली. साडेसात किलोचं एक हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलंय. तुळशीचं लग्न होऊन गेलं, वेल पिवळे पडले, तरी आठ फळं अजून वेलावर आहेत. पाच तयार, तीन हिरवी. पूर्ण पिकू देत म्हणून राखली आहेत. पण घरात कुणाला कदर नाही. दिवाळीनंतर सौ.ने जाहीर केलं, ‘यापुढे मी डांगराला हात लावणार नाही.’ पुण्याला सूनबाईंनी एक नेलं, ते तसंच पडून आहे. शेजारी मला पाहिलं की हसत दार लोटून घेतात. ताजं, बिनविषारी मिळतंय तर लोकांना नको. उरलेल्यांचं काय करू? आणि पुढच्या वर्षी लावू की नको?

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तीन पानांपैकी अडीच पानं वेलाची आहेत. कोंब कधी वर आला, पहिलं मादी फूल कुठल्या सकाळी उमललं, मधमाश्या कमी दिसल्या म्हणून तुम्ही सहाला उठून नर फूल तोडून मादी फुलाला कसं टेकवलंत. इतकं निगुतीनं लिहिलंय की तुमच्या परसातल्या कट्ट्यावर बसून ऐकल्यासारखं वाटलं. आणि मग एक वाक्य येतं : ‘चार घरात संपली.’ तिथे मी पेन्सिल टेकवली.

काका, डांगर आपलं आपण संपत नाही. सरासरी चार किलोचं एक धरलं तरी सोळा किलो झालं. खाणारी माणसं दोन. पितृपक्ष ते दिवाळी, म्हणजे महिना-सव्वा महिना. एवढं डांगर कुणीतरी फोडलं, सोललं, किसलं, परतलं, तळलं, उरलं ते झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलं. वेलाची रोजनिशी ठेवणाऱ्या माणसाच्या पत्रात या कामाला दोन शब्द मिळाले. कदर हा शब्द पत्रात पाच वेळा आलाय. तो कुठल्या दिशेनं कमी पडतोय, हे तुमचं तुम्हीच एकदा बघा.

दुसरी गोष्ट, काकूंचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या म्हणाल्या, ‘मी डांगराला हात लावणार नाही.’ त्या ‘खाणार नाही’ म्हणालेल्या नाहीत. ‘घरात आणू नका’ असंही नाही. तुम्ही मात्र ते ‘घरात डांगर नको’ असं वाचलंत आणि रुसलात. मला त्यात विळी खाली ठेवलेली दिसते, ताट सरकवलेलं दिसत नाही.

पण आधी वेलाचं बघू. घरातलं भांडण दोन दिवस थांबेल, वेलावरची फळं थांबणार नाहीत.

‘पूर्ण पिकू देत’ म्हणून तुम्ही फळं ठेवलीत, त्यात एक गृहीत धरलंय : फळ वेलावर आहे तोवर ते काहीतरी मिळवतंय. वेल हिरवा असताना हे खरं. आता पानं पिवळी पडलीत, तुमच्या फोटोत त्यांच्यावर भुरीचं पांढरं पीठही दिसतंय. अशी पानं फळाला साखर पुरवू शकत नाहीत. मिळायचं ते मिळून गेलं. आता वेलावर राहून फळाच्या वाट्याला येणार ती पहाटेची दवं, खालची ओल, मुंग्या, उंदीर आणि नशीब वाईट असेल तर एक अवकाळी सर. दोन फळं खालून कुजली ती यातच गेली. ओल्या मातीवर टेकलेली साल मऊ पडली की तिथून कूज आत शिरते. एवढ्यासाठीच जुने लोक वेलावरच्या फळाखाली पाचट नाहीतर फरशीचा तुकडा सरकवत.

तेव्हा तयार पाच फळं या दोन दिवसांत काढा. तयार आहेत का हे रंगावरून ठरवू नका. काही जाती पिकल्या तरी हिरव्या-चट्टेरीच राहतात, त्यामुळे तुमच्या तीन ‘हिरव्या’तलंही एखादं तयार निघायचं. देठ बघा. कोवळा देठ हिरवा, रसदार असतो. तयार फळाचा देठ वाळून लाकडासारखा, बुचासारखा खडबडीत होतो. मग सालीवर नख दाबा. तयार सालीवर नख रुतत नाही. फळ जमिनीला टेकतं तो डाग पांढरट असेल तर थांबायला हवं होतं, पिवळा-केशरी झाला असेल तर झालं. सालीची चकाकी जाऊन ती मंद दिसायला लागते, हीही एक खूण. टिचकी मारून आवाजावरून ओळखणारे लोक आहेत. मला तो आवाज आजवर कळलेला नाही, कलिंगडातही नाही.

काढायचं ते सकाळचं दव वाळल्यावर, धारदार कात्रीनं किंवा कोयत्यानं, आणि दोन-तीन बोटं देठ ठेवून. पिरगळून तोडू नका. आणि कृपा करून देठाला धरून उचलू नका. देठ हे हँडल दिसतं, पण ते झाकण आहे. तुटलं की तिथून कूज थेट आत. मागे मी एक देठ मोडलेलं डांगर फ्रीजवर ठेवलं आणि महिनाभर विसरले. एका सकाळी फ्रीजच्या मागून गोडूस-आंबूस पाणी ओघळताना दिसलं. उचलायला गेले तर चार बोटं आत गेली. ते फडकं मी धुतलं नाही, फेकलंच.

काढलेली फळं धुऊ नका, कोरड्या फडक्यानं माती पुसा. मग दहा-बारा दिवस त्यांना पडवीत किंवा व्हरांड्यात हवेशीर ठेवा. दिवसा ऊब हवी, रात्री दव पडतं तिथून आत घ्या. तुमच्याकडे नोव्हेंबरात दुपारी तिशीच्या आसपास पारा असतो, ते यासाठी झकास. या दिवसांत साल आणखी टणक होते, बारीकसारीक ओरखडे भरून येतात, देठाचं तोंड बंद होतं. त्यानंतर घरातली सगळ्यात थंड, कोरडी, अंधारी खोली. थेट फरशीवर नको; माझी आजी जुन्या धडप्याची चुंबळ करून प्रत्येक भोपळा त्यावर बसवायची, घागरीसारखा. एकमेकांना टेकवायचे नाहीत, एकावर एक रचायचे नाहीत, शेजारी केळी-सफरचंदं ठेवायची नाहीत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूनं भोपळा लवकर उतरतो. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला उलटंपालटं करून बोटानं दाबून बघायचं. मऊ लागलं की ते आधी वापरायचं. नाशिकच्या थंडीत अशी चांगली फळं दोन-तीन महिने आरामात टिकतात. (कोकणातल्या वाचकांनी एवढा भरवसा ठेवू नये, तुमची हवा दमट आहे. तिथे शिंक्यात टांगलेलं बरं.)

हे एवढं सविस्तर सांगितलं ते दुसऱ्या एका गैरसमजापायी. तुम्ही लिहिता, ‘काढलं की त्याच दिवशी करायला सांगायचो, ताजं ताजं.’ मेथीला हे लागू आहे, गवारीला आहे. डांगराला नाही. तयार डांगर काढल्यानंतर काही आठवडे ठेवलं की त्यातल्या पिठूळपणाची हळूहळू साखर होते आणि ते काढलेल्या दिवसापेक्षा गोड लागतं. म्हणजे पितृपक्षापासून तुम्ही ज्या घाईनं काकूंना ओट्यापाशी उभं केलंत, ती घाई डांगरालाही नको होती. आता काढलेली पाच फळं संक्रांतीपर्यंत एकेक करून खाता येतील. दोन आठवड्यांत एक. एवढ्याला कुणी कंटाळत नाही.

हिरवी तीन राहिली. वरच्या खुणा लावून जे कच्चं ठरेल ते पिकण्याची वाट बघू नका. वेल मेल्यावर रंग कदाचित बदलेल, गोडी यायची नाही. पण कच्चं म्हणजे वाया नव्हे. कोवळा भोपळा दुधीसारखा करायचा : हरभऱ्याची डाळ भिजवून, हिरवी मिरची, जिरं, वर ओलं खोबरं. साल कोवळी असेल तर काढायचीही गरज नाही. फक्त चिरल्यावर एक बारीक तुकडा कच्चाच जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. हे पिकलेल्यालाही लागू, दुधीला आणि काकडीलाही. या कुळातल्या फळांत कधीकधी कडू द्रव्य जास्त उतरतं, ते शिजवून जात नाही आणि त्यानं माणूस चांगलाच आजारी पडतो. मीठ-साखर घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न करू नका.

आणि ती दोन कुजलेली फळं? तुम्ही लिहिलंय, कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकली. जाऊन बघा, आत पांढऱ्या वळवळत्या अळ्या असतील तर ती फळमाशी आहे. अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढच्या हंगामात तुमच्याच परसात नव्यानं उगवतात. अशी फळं हातभर खोल पुरायची, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवून मग टाकायची. खतखड्ड्यात नाही.

आता विळीकडे येते.

आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून एक रीत आहे. अख्खा कोहळा किंवा भोपळा बाईनं फोडायचा नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा. कुणी सांगतं भोपळा थोरल्या मुलासारखा, कुणी सांगतं तो बळीच्या जागी असतो. माझ्या आजोळी हा सोहळा मी लहानपणी कितीदा पाहिलाय. आजोबा ओसरीवरून उठायचे, कोयता मागायचे, धोतर सावरून एक घाव घालायचे. भोपळ्याचे दोन डोळे उघडल्यासारखे दोन अर्ध पडायचे. आजोबा कोयता टेकवून पुन्हा वर्तमानपत्रात. पुढचे दोन तास आजी, मामी आणि मावशी त्या दोन अर्धांशी झुंजत असायच्या. संध्याकाळी घारगे पानात पडले की आजोबा म्हणायचे, ‘आज भोपळा चांगला निघाला.’

मी ही रीत मानत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईनं भोपळा फोडायला पुरुष कुठून शोधायचा? पण तुमच्याकडे मानत असतील तर माझी ना नाही, उलट सोयीचंच आहे. रिवाजानं कोयता तुमच्याच हातात दिलाय. पहिल्या घावानंतर तो खाली ठेवायचा, असं कुठे सांगितलंय?

तर काका, पुढचं डांगर तुम्ही करा. ‘मदत’ म्हणून नव्हे. फोडण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत एकट्यानं. सहाला उठून फुलांना पराग लावणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

फोडताना खाली ओला फडका घाला म्हणजे फळ घरंगळत नाही. देठावर घाव घालू नका, तिथे सुरी अडकते. देठाच्या शेजारी, दोन फुगीर धारांमधल्या खाचेत टोक घुसवा आणि सुरीच्या पाठीवर बत्त्यानं हलके ठोके द्या. ती खाचच वाट दाखवते. अर्ध झाल्यावर बिया आणि दोरे लगेच चमच्यानं खरवडून काढा, भोपळा आतून तिथेच पहिल्यांदा बिघडतो. एवढं केलं तर चिरलेली फाक फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणजे काय हे त्या पहिल्या दहा मिनिटांत कळेल. मनगट दुखेल. काकूंना सांगू नका, त्यांना माहीत आहे.

पहिल्याच दिवशी घारग्यांच्या वाटेला जाऊ नका. भाजीनं सुरुवात करा. सालीसकट, अंगठ्याएवढ्या जाड फोडी. साल ठेवली तर फोड मोडत नाही. तेलात मोहरी, मेथीचे दहा-बारा दाणे, हिंग, दोन सुक्या मिरच्या. मेथी तांबूस झाली की फोडी टाकायच्या. काळी झाली तर तेल टाकून पुन्हा सुरुवात, लाजायचं नाही. पाणी घालायचं नाही. वर ताटली, ताटलीत पाणी, मंद आच. आणि उलथनं दूर ठेवा. ढवळलंत की लगदा झालाच, कढईचे कान धरून हलवा. दहा-बारा मिनिटांनी सुरी सहज गेली की मीठ, लिंबाएवढा गूळ, थोडा चिंचेचा कोळ, हवा तर गोडा मसाला, वरून ओलं खोबरं. एवढंच.

भरीत त्याहून सोपं. फाका कुकरमध्ये वाफवून गर काढायचा, गार झाल्यावर कुस्करून दही, दाण्याचं कूट, मीठ, चिमूट साखर. तुपात जिरं आणि हिरवी मिरची तडतडवून वर ओतायची. उपासाला चालतं, तेव्हा येत्या एकादशीला काकूंच्या पुढ्यात ठेवून बघा.

मग घारगे. त्यांची मला वेगळी आस्था आहे, कारण माझे पहिले तीन घाणे चामड्यासारखे झाले होते. दोन वाट्या किसलेलं डांगर चमचाभर तुपावर कच्चा वास जाईपर्यंत परता, त्यात वाटीभर चिरलेला गूळ विरघळवा आणि उतरवा. आता इथे थांबायचं. मी थांबत नव्हते. मिश्रण गरम असताना पातळ दिसतं, म्हणून आपण कणीक ओतत जातो, आणि गार झाल्यावर तीच कणीक आवळून बसते. पुरतं निवू द्या. मग चिमूट मीठ, जायफळ किंवा वेलदोडा, पाव वाटी तांदळाची पिठी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन-अडीच वाट्या. पाण्याचा थेंब नको. पुरीपेक्षा जाड लाटा, हवी तर वर खसखस दाबा, मध्यम आचेवर तळा. तेल फार तापलं तर गुळामुळे बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. तीन-चार दिवस टिकतात, पूर्वी प्रवासाला हेच बांधून द्यायचे. बरोबर लिंबाचं लोणचं. तुपाचा गोळा डॉक्टर आणि काकू ठरवतील.

या तिघांवर हात बसला की मग पुढचं बघा. देशावरच्या जुन्या घरांत खसखस, तीळ आणि सुकं खोबरं भाजून-कुटून याची बाकर भाजी करतात, ती पोळीशी लागते तशी दुसरी कुठली लागत नाही. विदर्भात याचे गुळातले बोंड होतात, पण तिकडे यालाच कोहळं म्हणतात. नागपूरच्या मैत्रिणीकडून कृती घेताना मी पांढरा कोहळा आणून बसले होते. आणि तुमचं डांगर आमच्या पुण्याकडे म्हणाल तर लोक भाजलेल्या उडदाच्या पिठात ताक-कांदा कालवतील. शेजारी दार लोटून घेतात त्यात हा घोळ नसेल अशी आशा आहे.

बिया टाकू नका. धुऊन सावलीत खडखडीत वाळवा, तव्यावर मंद भाजा, मीठ लावा. टीव्हीसमोर बसून सोलत खायला दुपार पुरते. पेरायला बी धरायचं असेल तर सगळ्यात चांगल्या फळाचं धरा, आणि ते फळ काढल्यावर महिनाभर तसंच ठेवून मग फोडा. आतल्या आत बी आणखी भरतं. दुधी-काकडीशी डांगराचा संकर होत नाही, पण शेजारच्या परसात दुसऱ्या जातीचं डांगर असेल तर मधमाशी कुंपण बघत नाही. तुम्ही पिशवीतलं संकरित बी लावलं असेल तर पुढच्या वर्षी काय निघेल ते निघेल.

आता सूनबाई आणि शेजारी. पाच किलोचं अख्खं डांगर देणं ही भेट नव्हे, गृहपाठ आहे. पुण्यातला फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळचे साडेसात, दोघं नुकतीच कामावरून आलेली, घरात कोयता नाही, ओट्यावर जागा नाही, आणि कोपऱ्यात सासऱ्यांनी कौतुकानं दिलेलं ते फळ. फोडलं तर आठवडाभर तेच खावं लागणार, नाही फोडलं तर अपराधी वाटणार. पुढच्या वेळी वाफवलेला गर वाटी-वाटीनं पिशव्यांत भरून, गोठवून द्या. त्यात कणीक मळली की पराठे, दह्यात घातला की रायतं, पाण्यात पातळ केला की सूप. सूनबाई स्वतःहून आणखी मागतात की नाही बघा. शेजाऱ्यांना अर्ध्या किलोची फाक द्या, बिया काढून, कागदात गुंडाळून. भाजीवालीसुद्धा फाकच विकते, तिला गिऱ्हाईक कळतं. अख्खी फळं द्यायचीच तर जिथे पन्नास पानं उठतात तिथे द्या : एखादं वसतिगृह, वृद्धाश्रम, देवळातला महाप्रसाद. तिथल्या आचाऱ्याला आठ किलो म्हणजे एका वेळची भाजी. आधी फोन मात्र करा.

(हे सगळं इतरांसाठीही आहे. याच महिन्यात पपयांचं एक पत्र आलंय, आवळ्यांची दोन. सगळ्यांत तेच : झाड एकाचं, निस्तरणं दुसऱ्याचं, आणि रुसवा झाडवाल्याचा. आवळेवाल्या ताई, तुम्हाला पुढच्या वेळी वेगळं लिहीन, पण सुपारी कुणी करायची हे आधी घरात ठरवून घ्या.)

पुढच्या वर्षी लावू की नको, असं विचारलंय. लावा हो. पण दोन माणसांना चार वेल कशाला? एक पुरे, फार तर दोन. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का सूर्यमुखी’ ही लहान फळांची जात आहे, फळ साधारण किलोभराचं. तुमच्यासारख्या घराला एक फळ म्हणजे दोन वेळा, आणि फळमाशीलाही ती बऱ्यापैकी दाद देत नाही. बी मिळालं तर एक वेल त्याचा लावून बघा. शिवाय वेलाला फळापर्यंत वाट बघायला लावू नका. श्रावणात नर फुलं ढिगानं येतात. परागासाठी थोडी ठेवून बाकीच्यांची बेसनात बुडवून भजी होतात. नर कुठलं, मादी कुठलं हे तुम्हाला शिकवायला नको. कोवळ्या शेंड्यांची पालेभाजी होते, शेंडे खुडल्यानं वेलही आटोक्यात राहतो. दोन-तीन फळं कोवळीच काढून खाल्ली तर दिवाळीनंतर सतरांचा हिशेब मांडायची वेळ येत नाही.

किती वेल लावायचे ते मात्र जूनमध्ये एकट्यानं ठरवू नका. काकूंना विचारा, आणि विचारताना हातात बी नको.

टीव्हीखालचं साडेसात किलोचं फळ सगळ्यात शेवटी फोडा, म्हणजे बीही त्याचंच धरता येईल. फोटो पाहिला. देठ शाबूत आहे, साल मंद झाली आहे, फळ खरंच देखणं आहे. फक्त ते गुळगुळीत फरशीवर आणि सेट-टॉप बॉक्सच्या उबेत बसलंय. आजच तिथून हलवा आणि खाली चुंबळ घाला. चुंबळीला जुनं धडपं कुठलं घ्यायचं, ते काकूंना विचारून घ्या.